व्यापार की द्यूत?

द्रव्यार्जन हा गृहस्थाश्रमाचा अधिकारच आहे. अतिथी, वृद्ध मातापितर, मुलांचे शिक्षण आणि दानधर्म यांचा भार गृहस्थाच्या मिळकतीवरच असतो; म्हणून धनाचा तिरस्कार शास्त्राने त्याला कधी शिकविला नाही. विचार करावयाचा तो धन कोणत्या वाटेने घरात येते, याचा.

बंगळूर नगरीच्या अलीकडच्या इतिहासातील एक प्रसंग या दृष्टीने बोधप्रद आहे. तेथील इन्फोसिस कंपनीने १९९३ साली आपले शेअर ९५ रुपयांस विक्रीस काढले, तेव्हा लोकांनी पाठ फिरविली. सारे शेअर खपलेही नाहीत. तीच कंपनी मार्च १९९९ मध्ये अमेरिकेच्या नॅस्डॅक बाजारात दाखल झाली आणि पाहता पाहता संगणक व इंटरनेट या दोन शब्दांनी सर्वांना भुरळ घातली. इन्फोसिसपाशी निदान काम होते, ग्राहक होते, नफा होता. परंतु तिच्यासारख्या कंपन्यांच्या छायेत अशा कित्येक लहान कंपन्या उभ्या राहिल्या की, ज्यांच्यापाशी एका आकर्षक नावापलीकडे फारसे काही नव्हते. काहींनी तर आपल्या नावाला ‘इन्फोटेक’ किंवा ‘डॉटकॉम’ हे शेपूट तेवढे जोडले. ‘बदला’ पद्धतीने पूर्ण मोल न देताही सौदा पुढे ढकलता येत असल्यामुळे ऐपतीबाहेरची खरेदी सोपी झाली होती.

फेब्रुवारी २००० मध्ये मुंबईचा सेन्सेक्स ६,००० च्या घरात पोचला. १० मार्च २००० रोजी नॅस्डॅकचा निर्देशांक ५,०४८ वर गेला. मग उतार सुरू झाला. सप्टेंबर २००१ मध्ये सेन्सेक्स २,६०० च्या आसपास आला, ऑक्टोबर २००२ मध्ये नॅस्डॅक १,११४ वर आला. जुलै २००१ मध्ये बदला बंद झाला; पण तोपर्यंत अनेकांची पुंजी गेली होती.

येथे कोणी शंका घेईल की, ज्याने वेळीच विकून नफा पदरात पाडला, त्याचे काय चुकले? त्याने चोरी केली नाही, कोणावर बळजबरी केली नाही. वरवर हे खरे दिसते. परंतु शेतकरी धान्य विकतो तेव्हा त्याला पैसा मिळतो आणि घेणाऱ्याच्या घरी चूल पेटते. दोघेही तृप्त होतात. पोकळ शेअर पोकळ आहे हे जाणून, आपल्याहून अधिक लोभी कोणी तो घेईल या आशेवर जो तो विकत घेतो, त्याचा नफा कोठेही निर्माण झालेला नसतो. तो शेवटच्या खरेदीदाराच्या खिशातून आलेला असतो. तो शेवटचा मनुष्य कदाचित प्रॉव्हिडंट फंडाची रक्कम घेऊन आलेला निवृत्त शिक्षक असेल, कदाचित मुलीच्या शिक्षणाचा पैसा लावणारा पिता असेल. विकणाऱ्याला त्याचा चेहरा दिसत नाही, इतकेच. दोष दिसेनासा झाला म्हणून तो नाहीसा होत नाही.

मग शेअर घेणारा प्रत्येक जण जुगारीच काय? तसे नव्हे. जळगाव जिल्ह्यातील अमळनेर येथे १९४५ साली एक वनस्पती तेलाची कंपनी निघाली. तिचे शेअर गावातील अनेक कुटुंबांनी दशकानुदशके जपून ठेवले. तीच पुढे संगणकाच्या व्यवसायात शिरून बंगळूरची विप्रो झाली आणि ती कुटुंबे संपन्न झाली. यात दैवाचाही वाटा होताच. परंतु ती एका चालत्या उद्योगाची भागीदार होती, दुसऱ्याच्या फसण्यावर त्यांची आशा नव्हती.

छळ करणाऱ्यांत द्यूत ती आपलीच विभूती आहे, असे भगवंतांनी गीतेच्या दहाव्या अध्यायात सांगितले आहे. त्यात द्यूताला अनुमती नाही, त्याच्या सामर्थ्याची ओळख आहे. प्रत्यक्ष धर्मराजही त्यापुढे भान हरपले. मग सामान्य गृहस्थाने किती सावध राहावे! फळाची आसक्ती सोडून कर्म करावे, असे गीता शिकविते. सट्टा करणारा कर्म सोडून फळाची आसक्ती तेवढी धरतो.

म्हणून कोणताही सौदा करण्यापूर्वी गृहस्थाने मनाला एकच प्रश्न विचारावा: आपल्याला जे ठाऊक आहे ते सारे सांगून, ही वस्तू याच भावाने सख्ख्या भावाला विकता येईल काय? उत्तर ‘होय’ असेल तर तो व्यापार आहे. मन कचरले, तर तो सौदा कितीही लाभाचा असो, त्यापासून दूर राहण्यातच कल्याण आहे.