परत गेलेले गाठोडे

दत्तजयंती आठ दिवसांवर आली की आमच्या मंदिराच्या कोठीत शिधा येऊ लागतो. तांदळाची पोती, तेलाचे डबे, गूळ, तूरडाळ. तीन वर्षांपूर्वी कोठी माझ्याकडे होती. पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी एक वयस्कर मावशी आल्या. पदराखाली गाठोडे, त्यात असतील किलो-दीड किलो तांदूळ. म्हणाल्या, "नातवाच्या आजारपणात तुमच्या लोकांनी महिनाभर डबा पोचवला. एवढं महाराजांच्या पंक्तीत घाला." मी हिशेबात गुंतलेला. मान वर करून म्हणालो, "अहो मावशी, पोती येऊन पडलीत. राहू द्या, तुम्हालाच उपयोगी पडतील."

बोललो ते चांगल्याच मनाने. त्या काही बोलल्या नाहीत. गाठोडे पुन्हा पदराखाली गेले. दुसऱ्या दिवशी महाप्रसादाला त्या दिसल्या नाहीत, आणि पुढच्या वर्षीही नाहीत.

तेव्हा मला त्यात काही वावगे वाटले नव्हते. उपकार करावा आणि विसरून जावा, आभाराची वाट पाहू नये, हेच आपण लहानपणापासून ऐकत आलो. ते खरेच आहे. पण वाट न पाहणे निराळे, आणि दारात आलेले माघारी धाडणे निराळे.

हे मला कळले ते पुढच्या सप्ताहात, गुरुचरित्राचा अडतिसावा अध्याय वाचताना. भास्कर नावाचा गरीब ब्राह्मण तीन माणसांपुरता शिधा घेऊन गाणगापुरी येतो. स्वामींना भिक्षा घालायची त्याची इच्छा. पण रोज कुणी ना कुणी मोठी समाराधना घालणारा असतोच. भास्कर त्यांच्याच पंक्तीला जेवतो आणि रात्री आपले गाठोडे उशाला घेऊन निजतो. लोक हसतात. शेवटी स्वामीच त्याला म्हणतात, आज स्वयंपाक तू कर. त्या तिघांपुरत्या अन्नात चार हजार माणसे जेवली, हा चमत्कार आपल्या सर्वांना पाठ आहे. मी मात्र त्या दिवशी अडलो ते उशाच्या गाठोड्यापाशी. रोज पोटभर जेवायला मिळत असूनही तो माणूस आतून उपाशी होता, कारण त्याचे कुणी घेत नव्हते.

आपल्या आयांना हे न वाचता कळत होते. शेजारून वाटीभर खीर आली, तर वाटी कधी रिकामी परत जात नसे. काही नसले तर चिमूटभर साखर. 'धन्यवाद' हा शब्द घरात कुणी उच्चारत नसे, पण देणे-घेणे चालू राही आणि कुणाचा हात कायमचा वर राहत नसे. आता आपण "अहो, त्यात काय एवढं!" म्हणतो आणि त्याला नम्रपणा समजतो. मला शंका येते की त्यात थोडा अहंकारही असावा. मी देणाराच राहीन, तू माझ्या ऋणातच राहा, असा.

म्हणून आलेले सगळेच घ्यावे असे नव्हे. दिवाळीत साहेबांच्या टेबलावर येणारा सुक्या मेव्याचा डबा ही कृतज्ञता नसते, पुढच्या कामाची ती उचल असते. तो परतच करावा. आणि कुणी कर्ज काढून काही आणले, तर त्यातले मूठभर ठेवून बाकीचे प्रसाद म्हणून त्याच्याच ओटीत घालावे. पण मूठभर तरी घ्यावेच.

आपले दैवत तर झोळीवाले. ज्याला कशाचीच उणीव नाही, तो दुपारी कोल्हापुरात भिक्षेला जातो अशी आपली श्रद्धा. अमरापूरला ज्या घरी धान्याचा कण नव्हता, तिथे स्वामी घेवड्याच्या शेंगांची भाजी जेवले. वेलाखालचा हंडा पुढची गोष्ट. आधी त्यांनी ती भाजी आवडीने खाल्ली.

यंदा कोठी पुन्हा माझ्याकडे आली आहे. मावशी आता लेकीकडे राहतात, असे त्यांच्या शेजारणीकडून कळले. तिच्याबरोबर निरोप धाडला आहे, "पंक्तीला तांदूळ कमी पडताहेत, घेऊन या." कमी काही पडत नाहीत, पण माफी कशी मागावी ते सुचेना. आदल्या संध्याकाळी मी कोठीच्या दारातच बसणार आहे, हिशेबाची वही आत ठेवून.