बालसंगोपन आणि साधना

मुलाच्या संगोपनात गेलेला वेळ साधनेतून वजा होतो, की तो साधनेचाच भाग असतो, हा गृहस्थाश्रमातील जुना प्रश्न आहे. नाशिक परिसरात तो दर रविवारी प्रत्यक्ष उभा राहतो. काळाराम मंदिरात किंवा त्र्यंबकेश्वरी दोन वर्षांचे मूल कडेवर घेऊन आलेल्या आईवडिलांचे चित्त दर्शनात स्थिर राहत नाही. मूल भुकेने रडते, रामकुंडाच्या पायऱ्यांवरून पाण्याकडे धावते.

वैराग्यमार्ग मुलाच्या अशा ओढीला बंधन मानतो. मनुस्मृती मात्र इतर तिन्ही आश्रमांचा आधार गृहस्थाश्रमातच पाहते. वारकरी परंपरेनुसार ज्ञानदेवांचे वडील विठ्ठलपंत गुरूच्या आज्ञेने संन्यास सोडून संसारात परतले. त्यानंतर निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपानदेव आणि मुक्ताबाई जन्मले. हे कुटुंब त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरी पर्वताची प्रदक्षिणा करत असताना निवृत्तिनाथ वाट चुकले आणि त्यांना नाथपंथी गहिनीनाथांचा उपदेश लाभला, असे परंपरा सांगते. निवृत्तिनाथांची समाधी त्र्यंबकेश्वरलाच आहे. भक्तिशास्त्रातही वात्सल्य हा स्वतंत्र भाव असून यशोदा त्याचा आदर्श आहे.

तरीही संगोपन आपोआप साधना ठरत नाही. फळाच्या अपेक्षेविना सेवा, थकव्यातही संयम आणि परक्याच्या मुलाविषयी तीच कळकळ, या त्याच्या तीन कसोट्या होत. गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात रडणारे परके मूल संत एकनाथांनी उचलून घेतल्याची पैठणची कथा तिसरी कसोटी स्पष्ट करते. या कसोट्यांना उतरणारा दिवस, दर्शन अपुरे राहिले तरी, साधनेतच जमा होतो.