काकडी, पुदिना आणि बर्फ

1979च्या क्रांतीनंतर अनेक इराणी कुटुंबं लॉस एंजेलिसला आली. तिथल्या वेस्टवुड भागाला लोक 'तेहरांजेलिस' म्हणतात. उन्हाळ्यात अशा घरी 'आब दूग खियार' होतं. त्याला चूल पेटवावी लागत नाही. घुसळलेलं दही, बारीक चिरलेली काकडी, अक्रोड, बेदाणे, वाळवलेला पुदिना, गुलाबाच्या सुक्या पाकळ्या आणि वर बर्फ. त्यात वाळकी रोटी कुस्करायची. ताकात शिळी भाकरी कुस्करणाऱ्या आपल्याला ही गोडी वेगळी काय सांगायची! बर्फ, पुदिना, गुलाब हे शब्दही मराठीत फारसीतूनच आले. देश सुटलेल्या आईला तेहरानचं अंगण परत मिळत नाही. पण तळहातावर पुदिना चुरडला, की क्षणभर ती तिथेच असते. तेवढ्यात मुलं पुन्हा वाटी पुढे करतात.