मुलूख तोच, सरहद्द हलली

मेक्सिकन जेवणाचा विषय निघाला की जाणकार मंडळी हमखास म्हणतात, ‘अमेरिकेत मिळतं ते खरं मेक्सिकन नव्हेच.’ पुरावेही तयार असतात. खरी टॉर्टिया मक्याची, इथली गव्हाची. तिथे चीज बेतानं, इथे ढीगभर. शिवाय मांस पाहावं तर गाईचंच. चिमिचांगा, म्हणजे गुंडाळून तळलेला बरिटो, हा तर त्यांच्या लेखी शुद्ध भ्रष्टाचार. हा आरोप घाऊक भावात मान्य करण्याआधी एका जागी नीट तपासून पाहावा. त्यासाठी ॲरिझोनातल्या टूसॉन शहरातल्या ‘एल चारो’ या उपाहारगृहाइतकी चांगली जागा मला दुसरी सुचत नाही. मोनिका फ्लिन यांनी 1922 साली ते काढलं आणि आजही ते त्यांच्याच घराण्याकडे आहे.

पहिला मुद्दा गव्हाचा. टूसॉन ज्या वाळवंटात वसलंय, त्याचं नाव सोनोरा. जूनमध्ये पारा चाळिशीपार, वर्षाचा पाऊस जेमतेम 300 मिलिमीटर, तोही निम्मा उन्हाळ्याच्या अखेरीच्या वादळांतून आणि उरलेला बराचसा हिवाळ्यात. इथल्या ओओधाम लोकांचा मका आणि तेपारी नावाचं कडधान्य उन्हाळी पावसावर यायचं. हिवाळ्यात शेत रिकामंच. युसेबियो किनो हा जेझुइट पाद्री 1687 साली या मुलखात आला आणि त्यानं गहू आणला. थंडीत पेरायचा, उन्हं तापायच्या सुमारास कापायचा, की मक्याला शेत मोकळं. म्हणजे गव्हानं मक्याची जागा घेतली नाही, वर्षातला मोकळा काळ भरून काढला. म्हणून तर तो रुजला. ‘व्हाइट सोनोरा’ हा तिथला मऊ, फिक्या दाण्याचा गहू. त्याच्या पिठाला ताण चांगला असतो. सोबाकेरा नावाची टॉर्टिया हातावर फिरवत वाढवतात. ती वाढत वाढत हाताच्या लांबीएवढी होते आणि इतकी पातळ की पलीकडचं दिसावं. खानदेशात मांडे हातावर वाढवताना पाहिलेत त्यांना ती रीत वेगळी सांगायला नको. अमेरिकेत गेलेल्या कितीतरी मराठी घरांनी पोळीची भूक ज्या टॉर्टियावर भागवली, ती हीच, उत्तर मेक्सिकोची गव्हाची टॉर्टिया. तिला ‘अमेरिकन’ ठरवणाऱ्यांनी सोनोरातली शेतं पाहिलेलीच नसतात.

आता मांस आणि चीज. किनोच्या मिशनांबरोबर गाईगुरंही आली आणि माळरानावर वाढली; गाईंमागून त्यांच्या दुधाचं चीजही आलं. जनावर कापलं की मांस टिकवायचं कसं, हा प्रश्न उघड्या वाळवंटात फार निकडीचा. उत्तर हवेतच होतं. एल चारोच्या छपरावर लोखंडी जाळीचा एक पिंजरा आहे. मांसाच्या पातळ पट्ट्या लिंबाचा रस आणि लसूण लावून त्यात पसरतात. जाळीमुळे पाखरं आणि माशा बाहेर राहतात, वारा मात्र आरपार जातो. कोरड्या उन्हात पट्ट्या वाळून कडक होतात. मग त्या खाली आणून तंतू तंतू सुटेपर्यंत मोकळ्या करतात आणि हिरवी मिरची, टोमॅटो, कांदा घालून परततात. ही कार्ने सेका. दमट हवेच्या गावी हा पदार्थ या रीतीनं करायला गेलात तर मांस नासेल. पाककृती कागदावर उतरवून घेता येईल. पण तिच्यातला मुख्य घटक छपरावरची हवा आहे, आणि ती टूसॉनचीच लागते.

तिखटाचंही तसंच. इथली चिल्तेपिन मिरची वाटाण्याहून लहान, गोल आणि रानटी. पाखरांना तिखट लागत नाही, म्हणून ती फळं खातात आणि बी रानोमाळ टाकतात. टूसॉनच्या दक्षिणेला तुमाकाकोरीच्या डोंगरात या रानमिरचीसाठी राखीव क्षेत्रच ठेवलंय. पोर्तुगीजांच्या जहाजांतून गोव्याला उतरलेल्या आणि पुढे आपल्या घराघरांत शिरलेल्या मिरचीचं कूळ याच खंडातलं, हे इथे आठवल्याशिवाय राहत नाही.

तर गहू, गाय, चीज, रानमिरची हे सगळं या भागात कधीपासूनचं? अमेरिका इथे येण्याच्या फार आधीपासूनचं. डिसेंबर 1853 मध्ये गॅड्सडेन करार झाला, पुढच्या वर्षी तो मंजूर झाला आणि एक कोटी डॉलर मोजून अमेरिकेनं मेक्सिकोकडून हा पट्टा विकत घेतला. टूसॉनची माणसं कुठेही गेली नाहीत. सरहद्द तेवढी त्यांच्या डोक्यावरून दक्षिणेला सरकली. चूल होती तिथेच होती. त्या चुलीवरच्या रांधपाला ‘मेक्सिकन-अमेरिकन’ हे नाव नकाशानं दिलं. चव आधीच ठरलेली होती. ती चव सोनोराची आहे, आणि तिला दीडएक हजार किलोमीटरहून दूर असलेल्या मेक्सिको सिटीचं माप लावणं मला अन्यायाचं वाटतं. खुद्द मेक्सिकोतल्या सोनोरा राज्यातही गव्हाचीच टॉर्टिया मानानं खातात.

पण म्हणून हे जेवण गोठलेलं आहे असंही समजू नये. मोनिकाबाईंचे वडील ज्यूल्स फ्लिन फ्रान्सहून आलेले पाथरवट. घराण्यात सांगतात की सुरुवातीला गाठीशी पैसा नव्हता. गिऱ्हाइकानं पदार्थ मागितला की मोनिकाबाई मागच्या दारानं शेजारच्या चिनी वाण्याकडे जायच्या, जिन्नस उधार आणायच्या, रांधून वाढायच्या आणि पैसे हाती आले की उधारी फेडायच्या. रेल्वेच्या कामावर आलेले चिनी लोक या भागात दुकानदार झाले होते, त्यांचा वाटाही या स्वयंपाकात असा आहे. चिमिचांगाची कथाही इथलीच: बरिटो चुकून उकळत्या तेलात पडला म्हणे. फिनिक्सचं एक उपाहारगृहही हा मान आपला सांगतं. श्रेय कुणाचंही असो, तो गव्हाच्या टॉर्टियाच्या मुलखातच जन्मू शकत होता. मक्याची टॉर्टिया एवढी मोठी होत नाही आणि तशी घडीही घेत नाही.

या जेवणाला खरा धोका झाला तो वेगळ्याच बाजूंनी. 1960च्या दशकाच्या अखेरीस शहर-सुधारणेच्या नावाखाली टूसॉनची जुनी मेक्सिकन वस्ती बुलडोझरखाली गेली. जवळपास 80 एकर. त्याच सुमारास एल चारोलाही आपली जागा सोडावी लागली. ज्यूल्स फ्लिन यांनी 1896च्या सुमारास बांधलेलं कोर्ट ॲव्हेन्यूवरचं दगडी घर कुटुंबाकडे होतं, म्हणून दुकान तिथे हलवता आलं. ज्यांच्याकडे असं घर नव्हतं, त्यांच्या चुली मोडल्या. व्हाइट सोनोरा गहूही विसाव्या शतकात शेतांतून जवळजवळ दिसेनासा झाला; टूसॉनमध्ये 1983 साली स्थापन झालेल्या नेटिव्ह सीड्स या संस्थेनं आणि काही शेतकऱ्यांनी त्याचं बियाणं पुन्हा मातीत आणलं. चार जादा मुठी चीजनं कुठल्याही स्वयंपाकाचं एवढं नुकसान केलेलं नाही.

मोनिकाबाईंची नात्यानं नात लागणाऱ्या कार्लोटा फ्लोरेस यांनी पुढे हे घर सांभाळलं. 2015 साली युनेस्कोनं टूसॉनला खाद्यसंस्कृतीचं शहर म्हणून मान दिला. अमेरिकेतलं ते असं पहिलंच शहर.

तिकडे कधी गेलात तर चिमिचांगा जरूर मागवा, पण आधी कार्ने सेका मागवा. गोमांस चालत नसेल तर मोठ्या थाळीएवढ्या टॉर्टियावर चीज वितळवून कुरकुरीत केलेला तोस्तादा ग्रांदे घ्या, आणि ती टॉर्टिया गव्हाची आहे म्हणून नाक मुरडू नका.