काठवटीचे सौंदर्य आणि स्पर्शाचा प्रश्न

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते, दिवे आणि स्वयंपाकघरातील भांडी मांडलेली आहेत. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दि. गं. केळकरांनी (१८९६–१९९०) जमवलेला हा संग्रह १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. वापरातून निवृत्त झालेले भांडे पाहणे म्हणजे नेमके काय पाहणे, हा प्रश्न अशा संग्रहापुढे टाळता येत नाही.

काठवट घ्यावी. लाकडातून कोरलेली ही उथळ परात. भाकरीचे पीठ तीत मळायचे. वर्षानुवर्षे तळहात फिरून तिचा मध्य गुळगुळीत होतो, लाकडाला झाक येते. कांटच्या अर्थाने हितसंबंधनिरपेक्ष आनंद घ्यायचा तर भाकरी विसरली पाहिजे. आनंद कुमारस्वामींना हे मान्य नव्हते. उपयोग आणि अर्थ यांची फारकत त्यांना आधुनिक विकृती वाटे. रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’नंतर (१९७४) मराठी वाचकाला लौकिकतावाद-अलौकिकतावादाचा हा ताण परिचित आहे. मात्र दोन्ही पक्षांत एक प्रश्न मागे राहतो : उपयोग कोणाचा?

मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात मातीचे भांडे पुन्हा भाजून शुद्ध होते, लाकडाचे मात्र तासून. लाकूड स्पर्श मुरवून घेते, ही त्यामागची समजूत असावी. म्हणजे रसिक ज्या झाकेवर लुब्ध होतो, नेमका तोच थर स्मृतिकार तासून काढायला सांगतात. काठवटीचा पृष्ठभाग एकाच वेळी सौंदर्याचा आणि विटाळाचा विषय ठरतो, आणि दोन्हींचे कारण हाताळणे हेच असते.

हे केवळ भारतीय वैचित्र्य नव्हे. झुलू समाजातील दूध काढण्याच्या लाकडी भांड्यावर कोरलेले उंचवटे असतात. ते नक्षी म्हणून वाखाणले जातात. भांडे गुडघ्यांत धरताना पकडीसाठीही ते उपयोगी पडतात. पण परंपरेने दूध काढणे पुरुषांचे काम होते आणि स्त्रियांना गुरांपासून दूर ठेवले जाई. तेव्हा ती पकड कोणासाठी, हे नक्षीच्या वर्णनातून गळते.

संग्रहालयाची काच सर्वांनाच स्पर्श नाकारते. या समतेचे मोल कमी नाही. एके काळी ज्यांच्या हातावर अन्न वरून टाकले जाई, त्यांचे वंशजही आज त्याच अंतरावर उभे राहून पाहतात. तरीही ही समता भांडे निरुपयोगी झाल्यावरची आहे. पाटीवर लाकडाची जात सांगता येते. वाढणाऱ्या हाताची आणि घेणाऱ्या ओंजळीची सांगितली तर आस्वादात व्यत्यय येईल, अशी भीती असते. तो व्यत्यय आस्वादाचाच भाग मानल्याशिवाय काठवट पूर्ण पाहिली असे म्हणता येणार नाही.