शेवटच्या पंगतीतलं माणूस

घरात कुणी अंथरुणाला खिळलं की साऱ्या घराचं घड्याळ त्या माणसाच्या औषधांवर चालू लागतं. सकाळच्या गोळ्या, दहाची पेज, दर दोन तासांनी कूस बदलणं, संध्याकाळचं इन्सुलिन. त्यातच मुलांचे डबे, ऑफिसची लोकल, गॅसचा नंबर. सेवा करणाऱ्याचं जेवण मात्र या वेळापत्रकात कुठेच नसतं. बहुधा ते उभ्याउभ्या उरकतं. कुकरच्या तळाचा भात, सकाळची गार पोळी, मुलाने ताटात टाकलेली भाजी. आणि मधल्या सगळ्या भुकेवर चहा-बिस्किटं.

या आबाळीला आपण फार मोठं नाव दिलं आहे. आपण तिला त्याग म्हणतो. स्वतः न जेवता दुसऱ्याला भरवणारी आई, नवऱ्याच्या आजारपणात स्वतःचा रक्तदाब कधी न मोजणारी बायको, वडिलांसाठी रात्र रात्र जागणारा मुलगा ही माणसं आपल्याला पूज्य वाटतात, आणि ती पूज्य आहेतच. पण म्हणूनच हा प्रश्न आहारशास्त्राच्या आधी धर्मविचाराचा होतो. दुसऱ्यासाठी झिजणाऱ्याने स्वतःच्या शरीराकडे लक्ष दिलं, तर ते पुण्यात बसतं की स्वार्थात?

मराठी मनापुढे सेवेचा आदर्श म्हणून पुंडलिक उभा असतो. आईवडिलांची सेवा चालू असताना देव दारी आला, तर त्याने वीट पुढे सरकवली आणि देवाला थांबवलं. सेवा देवदर्शनापेक्षा मोठी, एवढी मोठी गोष्ट या कथेने साध्या माणसाच्या हाती दिली. पण पुंडलिकाने अन्नपाणी सोडून सेवा केली, असं ही कथा म्हणत नाही. ते आपण तिला मागाहून जोडलेलं आहे.

उपाशी राहण्याबद्दल उपनिषदांत एक प्रसंग आहे, आणि तो सेवा करणाऱ्या प्रत्येकाने वाचण्यासारखा आहे. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आरुणी आपल्या मुलाला, श्वेतकेतूला सांगतो की पंधरा दिवस काही खाऊ नकोस, पाणी मात्र हवं तेवढं पी. बारा वर्षं गुरूकडे वेद शिकून आलेला, त्या विद्येचा ताठा असलेला हा मुलगा. पंधरा दिवस सरल्यावर बाप म्हणतो, आता ऋचा म्हणून दाखव, यजुर्मंत्र म्हण, सामं म्हण. श्वेतकेतूला काहीच आठवत नाही. मोठी आग विझून काजव्याएवढा निखारा उरावा, तसं तुझं झालं आहे, असं उद्दालक त्याला समजावतो आणि जेवायला पाठवतो. जेवून आल्यावर जे विचारलं ते सगळं त्याला सांगता येतं. मन अन्नातून घडतं, हा सिद्धान्त बापाने मुलाला व्याख्यान देऊन नव्हे, त्याच्याच देहावर प्रयोग करून शिकवला.

पंधरा दिवसांचा उपास सहसा कुणी करत नाही. पण महिनोन्‌महिने अर्धपोटी आणि अर्ध्या झोपेवर राहणाऱ्या बाईचं नेमकं हेच होतं. सकाळची गोळी दिली की नाही ते आठवत नाही, बोलण्यात चिरचिर येते, आजारी माणसावर ओरडून झाल्यावर ती न्हाणीघरात जाऊन रडते. तिला वाटतं, आपली माया आटली. खरं तर तिच्या पोटात सकाळपासून काही गेलेलं नसतं. तिच्या चिडचिडीला स्वभावदोष म्हणणाऱ्यांनी श्वेतकेतूची गोष्ट आधी लक्षात घ्यावी.

दुसरा आधार यज्ञाचा. जेवणाला यज्ञकर्म मानण्याची रीत महाराष्ट्रात शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात यज्ञ करून उरलेलं खाणारा पापातून सुटतो आणि फक्त स्वतःपुरतं रांधणारा पापच खातो, असा विचार आहे. बायकांनी मागून जेवावं याचं समर्थन पुष्कळदा याच विचाराच्या आधाराने होतं. पण वैदिक इष्टीचा, म्हणजे यज्ञाचा, विधी पाहिला तर चित्र वेगळं दिसतं. देवतेला आहुती दिल्यावर हविर्द्रव्याचा इडा नावाचा भाग काढला जातो आणि ऋत्विज व यजमान तो खातात. हे भक्षण विधीचाच भाग आहे. म्हणजे यज्ञ करणाऱ्याचा वाटा यज्ञाच्या आतच धरलेला आहे. काही उरलं तर मिळेल, या भरवशावर तो सोडलेला नाही.

मनुस्मृतीशी आजच्या माणसाचं भांडण अनेक बाबतींत आहे आणि ते असलंच पाहिजे. पण तिच्या तिसऱ्या अध्यायातला जेवणाचा क्रम पाहण्यासारखा आहे. नव्याने घरात आलेल्या सुना, मुली, आजारी आणि गर्भवती यांना पाहुण्यांच्याही आधी जेवू घालावं, असं तिथे सांगितलं आहे. आणि सर्वांत शेवटी कुणी जेवायचं? घरधनी आणि त्याची बायको, दोघांनी. घरोघरच्या वहिवाटीत यातला नवरा कधी पहिल्या पंगतीला जाऊन बसला आणि शेवटच्या पंगतीत बाई एकटी कशी उरली, हे धर्माचं नाव घेणाऱ्यांनी सांगायला हवं.

कारण याची किंमत रक्तात दिसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ या काळात, भारतातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४ टक्क्यांच्या वर होतं. २०२४ च्या देशव्यापी वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला २८९ मिनिटं घालवतात, पुरुष ८८. घरातल्या माणसांची काळजी घेणाऱ्या बायकांची त्यात १३७ मिनिटं जातात, पुरुषांची ७५. रक्तक्षयाला जंत, पाळीतला रक्तस्राव, लागोपाठची बाळंतपणं अशी इतरही कारणं आहेत. पण ताटात शेवटी काय उरतं, हेही त्यातलं एक आहे. भात उरतो, रस्सा उरतो. डाळीचा घट्ट भाग, उसळ, अंडं, दही आधीच्या पंगतींत संपलेलं असतं.

यावरचा उपाय आपल्या स्वयंपाकघराला फार जुन्या काळापासून येतो. नैवेद्याचं पान कुणी उरलंसुरलं वाढून करत नाही. ते आधी बाजूला निघतं. गोग्रासही आधी निघतो. त्याच पद्धतीने, मुलांचे डबे भरताना सेवा करणाऱ्या माणसाचाही डबा भरावा, झाकण लावून ओट्यावर ठेवावा आणि त्याची वेळ औषधांच्या कागदावरच लिहावी. या एका सवयीने बराच फरक पडतो, कारण अकरा वाजता भूक लागते तेव्हा हात बिस्किटांच्या पुड्याकडे न जाता डब्याकडे जातो.

त्या डब्यात काय असावं, यासाठी महागड्या पावडरी लागत नाहीत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनाप्रमाणे साधारण अर्धं ताट भाज्या आणि फळांचं असावं, मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत राहावं. साठ किलो वजनाच्या निरोगी माणसाला दिवसाला सुमारे पन्नास ग्रॅम प्रथिनं लागतात आणि तीस ग्रॅम कच्च्या डाळीतून जेमतेम सात मिळतात. म्हणून वाटीभर पातळ वरणावर भागत नाही. रात्री फडक्यात बांधलेली मोडाची मटकी, दाण्याचा कूट घातलेली पालेभाजी, पिठलं, दही, चालत असेल तर एखादं उकडलेलं अंडं, ज्वारी किंवा नाचणीची भाकरी, वर लिंबाची फोड. लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे भाजी-कडधान्यातलं लोह अंगी लागायला मदत होते. जेवणाला लागून घेतलेला चहा त्याच्या उलट करतो. तो तासभर पुढे ढकलला तरी पुरे. मूत्रपिंडाचा विकार किंवा मधुमेह असलेल्यांनी मात्र आपलं प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावं.

उपासाच्या दिवशी तर हा हिशेब पार कोलमडतो. साबुदाणा म्हणजे कसाव्याच्या कंदाचा जवळजवळ निव्वळ स्टार्च. शंभर ग्रॅममध्ये एक ग्रॅमही प्रथिन नाही. रात्रभर जागून एकादशी धरणाऱ्या मधुमेही बाईने खिचडीवर दिवस काढणं हे व्रतही नाही आणि पथ्यही नाही. राजगिरा, दही, दाणे, फळं ही उपासालाच चालणारी आणि कितीतरी बरी वाट आहे.

गीतेचा सहावा अध्याय याच मधल्या वाटेचा आहे. अति खाणाऱ्याला योग साधत नाही तसा मुळीच न खाणाऱ्यालाही नाही, अति झोपणाऱ्याला नाही तसा जागत राहणाऱ्यालाही नाही. ज्ञानेश्वरांनी त्यावर लिहिताना आहार मोजून घेण्याबरोबरच चालण्या-बोलण्याचीही मर्यादा सांगितली आणि झोपेला तिच्या वेळी मान द्यायला सांगितलं. तुकोबांच्या एका अभंगात शरीर आधी रोगाचं भांडार म्हणून आणि मग सुखाचं साधन म्हणून वर्णिलं आहे. शेवटी त्याचे लाड करू नयेत आणि त्याला टाकूनही देऊ नये, असा निवाडा आहे. देहाला तुच्छ मानणं हीच अध्यात्माची खूण समजणाऱ्यांना वारकरी परंपरेतून फारसा पाठिंबा मिळत नाही. आळंदीहून पंढरपूरपर्यंत अडीचशे किलोमीटर चालत जाणं ज्या परंपरेची मुख्य साधना आहे, ती पायांना क्षुद्र कसं मानेल?

व्यायामाचं नाव काढलं की घरातून एकच उत्तर येतं: वेळ कुठे आहे? साताऱ्याकडच्या औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी याचं उत्तर शंभरेक वर्षांपूर्वी दिलं होतं. त्यांनी सूर्यनमस्कार संस्थानातल्या शाळांत आणले, स्वतः घातले, घरच्यांकडून घालून घेतले आणि १९३८ मध्ये त्यावर इंग्रजीत पुस्तकही निघालं. त्यांचा आग्रह समजण्यासारखा आहे. या व्यायामाला सतरंजीएवढी जागा लागते, साधन काहीच लागत नाही आणि पाठ, खांदे, मांड्या सगळ्यांना काम मिळतं. गुडघे किंवा रक्तदाब आड येत असेल त्यांनी खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठावं-बसावं, ओट्याला धरून टाचा उचलाव्यात, भिंतीवर जोर काढावेत. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत एवढं होतं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम हालचाल आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सुचवते. पूर्वी तिची अट होती की हालचाल सलग दहा मिनिटं तरी हवी. २०२० च्या सूचनांमध्ये ती अट काढली गेली. चार-चार मिनिटांचे तुकडेही आता धरले जातात, आणि ज्यांचा दिवसच तुकड्यांनी बनलेला आहे त्यांच्यासाठी ही मोठी सुटका आहे.

मात्र घरकामाने व्यायाम होतोच, हे म्हणणं अर्धंच खरं आहे. केर-फरशीने हालचाल होते, पण आजारी माणसाला एकट्याने ओढून वर सरकवताना पाठीत उसण भरते ती स्नायूंत ताकद नसल्यामुळे आणि उचलण्याची रीत माहीत नसल्यामुळे. गुडघ्यांत वाकावं, वजन छातीजवळ घ्यावं, कंबरेत पीळ देऊ नये. रुग्णाच्या पाठीखाली आडवी घडीची चादर ठेवावी आणि तिच्या दोन कडा दोघांनी धरून त्याला सरकवावं.

दोघांनी, ही यातली कळीची गोष्ट. विनयपिटकाच्या महावग्गात एका आजारी भिक्खूची हकिगत आहे. अतिसाराने तो स्वतःच्याच घाणीत पडला होता आणि त्याच्याकडे कुणी फिरकत नव्हतं. बुद्धांनी पाणी ओतलं, आनंदाने त्याला धुतलं. मग बुद्धांनी डोक्याकडून आणि आनंदाने पायांकडून धरून त्याला उचललं आणि मंचकावर निजवलं. त्यानंतर संघाला बोलावून ते म्हणाले की तुम्हाला इथे आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांना पाहिलं नाहीत तर कोण पाहील? सेवा ही एका पुण्यवानाची मक्तेदारी न राहता संघाचं काम झालं ते इथे. पुढे असाही नियम झाला की भिक्खू वारला तर त्याचं पात्र आणि चीवरं त्याची शुश्रूषा करणाऱ्याला द्यावीत. सेवा करणाऱ्याचा हक्क इतक्या स्पष्टपणे मांडणारा नियम आपल्या वाटणीपत्रांत क्वचितच सापडतो.

बुद्धांनी सांगितलेली डोंबाऱ्याची गोष्टही इथे आठवते. बांबूवर चढून खेळ करणारा गुरू शिष्याला म्हणतो, तू मला सांभाळ, मी तुला सांभाळतो. शिष्य म्हणतो, नाही. तुम्ही स्वतःचा तोल सांभाळा, मी माझा सांभाळतो, तेव्हाच आपण दोघं धड खाली उतरू. बुद्ध शिष्याची बाजू घेतात आणि लगेच पुढची कडीही जोडतात: क्षमेने, अहिंसेने, मैत्रीने दुसऱ्याला राखणाराही स्वतःलाच राखत असतो. स्वार्थ की परमार्थ, या सुरुवातीच्या प्रश्नाला याहून नेमकं उत्तर मिळणं कठीण आहे.

एक अडचण मात्र उरते, आणि ती टाळून पुढे जाणं बरं नाही. हे सगळे नियम भरल्या घराचे किंवा संघाचे आहेत. डोंबिवलीतल्या दोन खोल्यांत स्मृतिभ्रंश झालेल्या आईबरोबर एकटीच राहणाऱ्या, नोकरी करणाऱ्या मुलीला दुसरे दोन हात कुठून मिळणार? तिला डबा भर, नमस्कार घाल असं सांगणं तिच्या ओझ्यात भर टाकणं ठरू शकतं. तिचं पथ्यपाणी तिच्या एकटीच्या निश्चयावर सोडता येत नाही; ते तिच्या भावंडांचं कर्तव्य आहे. जो भाऊ न्यू जर्सीत आहे त्याने दर रविवारी फोनवर आईच्या गोळ्यांबद्दल विचारण्याआधी बहिणीला विचारावं की ती आज किती वाजता जेवली. रोज दोन तासांच्या मदतनीस बाईचा पगार त्याने उचलावा. वर्षातले दोन आठवडे येऊन आईची रात्रपाळी स्वतः करावी, म्हणजे बहिणीला तेवढ्या रात्री सलग झोप मिळेल. शेजारच्या बिऱ्हाडातून आठवड्यातून दोनदा उसळीचा डबा आला आणि संध्याकाळी अर्धा तास कुणी आईजवळ बसलं, तर ती मुलगी खाली उतरून सोसायटीला चार चकरा मारून येईल.