शाळा सोडल्याचा दाखला

जून-जुलैत श्रीरामपुरात एक कागद जागोजागी दिसतो. दहावी झालेल्या मुलांच्या प्लास्टिकच्या पिशवीत, गुणपत्रिकेच्या मागे, घडी पडू नये म्हणून पुठ्ठ्याला लावून ठेवलेला. शाळा सोडल्याचा दाखला. त्यावर मुलाचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख आकड्यांत आणि पुन्हा अक्षरांत. खाली 'अभ्यासातील प्रगती' – चांगली. 'वर्तणूक' – चांगली. 'शाळा सोडल्याचे कारण' – इयत्ता दहावी उत्तीर्ण, पुढील शिक्षणासाठी. वर्षानुवर्षं तेच शब्द आणि तोच गोल शिक्का. हा कागद हातात आला की मला दर वेळी वाटतं, शाळेनं सोडलं ते ठीक, पण या पोराला आता धरलंय कुणी?

2025 पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले. त्या पहिल्या वर्षी मी एका कामासाठी फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात बसलो होतो. शेजारी एक मुलगी आणि तिचे वडील. वडील शेतातून तसेच उठून आलेले, चपलांना कालव्याकाठची ओली माती. फॉर्ममध्ये दहापर्यंत पसंतीक्रम टाकता येतात. दुकानातल्या पोरानं विचारलं, "पहिलं कोणतं टाकू?" मुलीनं वडिलांकडे पाहिलं, वडिलांनी मुलीकडे. मग ती हळूच म्हणाली, "मामाची पोरगी नगरला जाते, तिचंच टाका." त्यानं टाकलं. मागे रांग होती.

नियम असा की पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर तिथंच प्रवेश घ्यायचा. नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर. मला तो नियम माहीत होता. नगरला राहायचं कुठं, रोज जायचं कसं, हे विचारायला पाहिजे होतं, तेही मला कळत होतं. मी बोललो नाही. लोक ओळखीचे नाहीत, आपण मधे कशाला पडायचं, असं वाटलं आणि मी माझा कागद घेऊन निघून आलो.

पुढे पावसाळ्यात वडील बसस्थानकावर भेटले. त्यांनीच ओळख दिली. नगर लागलं होतं, पण राहण्याची सोय नव्हती. पोरगी शेवटच्या फेरीपर्यंत घरी बसली आणि मग जवळ जी जागा उरली होती ती घेतली. तिला विज्ञानाला जायचं होतं, ते राहिलं. "नशिबात नव्हतं," ते म्हणाले. नशिबाचा त्यात काडीचाही संबंध नव्हता. तीन मिनिटं बोलण्याचा प्रश्न होता आणि ती तीन मिनिटं माझ्याकडे होती. हे त्यांना सांगायचं धैर्य मला त्या दिवशीही झालं नाही.

आपल्याकडे गुणवंतांचे सत्कार जोरात होतात. निकाल लागला की आठवड्याभरात मंगल कार्यालय, शाल, गुलाबपुष्प, पेन आणि पाहुण्यांचं भाषण. मीही अशा व्यासपीठांवर बसलो आहे. जिद्द ठेवा, मोठी स्वप्नं पाहा, आईवडिलांचं नाव काढा, असं मीही बोललो आहे. त्यात खोटं काही नाही. टाळी मिळालेलं पोर उमेदीनं घरी जातं. पण 92 टक्केवाल्याला वाट बहुतेक वेळा सापडते. त्याच्या मागे शिक्षक असतात, क्लासवाले असतात. 56 टक्क्यांचं पोर त्या सभागृहात नसतंच. ते त्याच वेळी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतू केंद्रात बसलेलं असतं आणि कोणता दाखला कुठं लागतो हे त्याला सांगायला कुणी नसतं.

भाऊराव पाटलांची गोष्ट आपण पुष्कळदा सांगतो, पण तिच्यातला क्रम नीट लक्षात घेत नाही. 1919 साली सातारा जिल्ह्यातल्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. 1924 साली साताऱ्यात सगळ्या जातीधर्मांच्या मुलांचं वसतिगृह सुरू झालं. 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. त्यांचं मोफत हायस्कूल आलं 1940 मध्ये आणि साताऱ्याचं कॉलेज 1947 मध्ये. म्हणजे कॉलेजची इमारत उभी राहण्याआधी कितीतरी वर्षं ते पोरांच्या झोपण्याची आणि भाकरीची सोय लावत होते. खेड्यातला मुलगा कुठं अडतो हे त्यांना पक्कं माहीत होतं. बुद्धी होती, पण शहरात पाठ टेकायला जागा नव्हती आणि 'जेवलास का' म्हणून विचारणारं माणूस नव्हतं. मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. मुलं त्यांना वहिनी म्हणत. गावोगावच्या बायका जात्यावर बसताना मूठभर धान्य बाजूला काढून ठेवत, ते मुष्टिफंडात जाई. त्या मुठीत श्रीमंत-गरीब असा भेद नव्हता. ज्वारी ज्या घरात होती त्या प्रत्येक घराला देता येई.

मे 1959 मध्ये भाऊराव गेले आणि 1960 साली श्रीरामपुरात रयतचं रावबहादूर नारायणराव बोरावके महाविद्यालय सुरू झालं. भंडारदऱ्याचं धरण 1926 सालचं. प्रवरेचे कालवे आले, त्यांच्यामागून ऊस आला, हरिगावचा बेलापूर कंपनीचा कारखाना आला, आणि त्या पाण्यावर मोठ्या झालेल्या एका ऊसबागायतदाराचं नाव कॉलेजला लागलं. त्याआधी इथल्या पोरांना कॉलेजसाठी नगर नाहीतर पुणं गाठावं लागे. या तालुक्यात आज जे वकील, शिक्षक, बँकेतले, कारखान्यातले कर्मचारी आहेत, त्यांतले कितीतरी त्या वर्गांतून गेले. म्हणून हे लिहितो आहे. आपण कुणाच्या तरी मुठीवर शिकलो आहोत. ती मूठ परत कुठं गेली, हे आपण एकमेकांना विचारत नाही.

आज धान्याची अडचण तेवढी नाही. सवलतीही पुष्कळ आहेत. आठवीत एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा उत्तीर्ण होऊन निवड झालेल्या मुलाला नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. जुलै 2024 मध्ये राज्यानं 8 लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. पण प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतूनच झाला पाहिजे. व्यवस्थापन कोट्यातून घेतला की सवलत गेली. हे ज्या घरात कुणी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही त्या घराला कळायचं कसं? मुलींचा एसटीचा मोफत पास बारावीपर्यंत असतो. घरचे लग्नाची भाषा काढतात, तीही बारावीनंतर. दोन्ही एकाच वळणावर येतात. त्या वळणावर आईशी बसून बोलणारी, स्वतः शिकलेली एखादी बाई असेल तर गोष्ट निराळी होते.

अशा मदतीनं काय होतं हे पाहायला अमेरिकेत 2008 मध्ये अर्थतज्ज्ञांनी एक प्रयोग केला. प्राप्तिकराचं विवरणपत्र भरून घ्यायला आलेल्या गरीब कुटुंबांपैकी काहींना तिथल्याच माणसांनी मुलाच्या कॉलेजच्या आर्थिक मदतीचा अर्जही भरून दिला. पाच-दहा मिनिटांचं जास्तीचं काम. दुसऱ्या काही कुटुंबांना त्यांना किती मदत मिळू शकेल याची माहिती नीट लिहून दिली, पण अर्ज भरून दिला नाही. पुढची तीन वर्षं पाहिलं. ज्यांना मदत मिळाली नव्हती त्या घरांतल्या बारावीच्या 28 टक्के मुलांनी कॉलेजची दोन वर्षं पूर्ण केली होती. अर्ज भरून मिळालेल्यांत हे प्रमाण 36 टक्के होतं. नुसती माहिती मिळालेल्यांत काही फरक दिसला नाही. हे वाचल्यापासून पत्रक वाटून आपलं काम झालं असं मला म्हणवत नाही.

महाविद्यालयांत मूल्यांकनासाठी मेंटॉरच्या, म्हणजे मार्गदर्शक प्राध्यापकांच्या, नोंदी ठेवतात. रजिस्टरं तयार असतात. मन लावून हे काम करणारे प्राध्यापक आहेत, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण ज्याच्या नावापुढे मेंटॉर म्हणून सही आहे त्याला ते पोर रात्री साडेनऊला फोन करू शकतं का, एवढंच मी विचारीन.

आणि जो मदत करतो त्यानंही स्वतःला तपासावं. मुलाला आयटीआयला वेल्डर व्हायचं असेल आणि आपल्याला त्याला इंजिनिअर करून दाखवायचं असेल, तर ती हौस आपली आहे, गरज त्याची नाही. मदतीचा फोटो काढायचा मोह होतो; तो फोटो पोराला गावभर जन्मभर चिकटतो. त्याला आपलं उपकृत करून ठेवणं हीही एक प्रकारची वसुलीच आहे. पुण्यात डॉ. अच्युत आपटे यांनी 1955 साली सुरू केलेल्या विद्यार्थी साहाय्यक समितीच्या वसतिगृहांत मुलांना स्वतःही कामं करावी लागतात. हे मला फार मोलाचं वाटतं. स्वतःच्या कष्टाचा वाटा असला की घेणाऱ्याची मान ताठ राहते.

या वर्षी आम्ही काही जणांनी प्रवेशाच्या मदतीसाठी संध्याकाळी सहा ते आठ एक टेबल मांडलं आहे. एक निवृत्त शिक्षक, एक तलाठी म्हणून काम केलेले गृहस्थ आणि गेल्याच वर्षी कॉलेजला गेलेली दोन मुलं. खरं काम ही दोघं करतात. आम्ही नियम सांगतो, ते अनुभव सांगतात. नाऊर गावाकडचा एक मुलगा एके दिवशी सगळे कागद लावून झाल्यावर उठलाच नाही. गप्प बसून राहिला. शिक्षकांनी विचारलं तर म्हणाला, "काही नाही, सर." मग आमच्यातल्या त्या कॉलेजच्या मुलाकडे वळून त्यानं दबक्या आवाजात विचारलं, "हॉस्टेलला पांघरूण घरून न्यायचं का?"

"न्यायचं. आणि एक कुलूप घे, बादली घे. उशी नको, तिथं मिळते. पहिले चार दिवस जेवण जात नाही, मग जातं. नंबर घे माझा."

मुलानं दाखल्याचा पुठ्ठा उलटा केला आणि मागे नंबर लिहून घेतला.